चौथ्या ग्रीनची समिती

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, नगरपालिकेच्या माननीय मुख्याधिकारी बाई. व्यासपीठावर विराजमान असलेले आणि या गावातल्या निम्म्या दाढा ज्यांना तोंडपाठ आहेत असे आमच्या 'गोल्फ मैदान बचाव नागरिक समिती'चे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. चौतीस वर्षं मैदान सांभाळून आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती मुकादम. पहिल्या रांगेतले मान्यवर, पहिली रांग भरल्यामुळे नाइलाजाने दुसऱ्या रांगेत बसलेले मान्यवर, आणि उरलेल्या बंधू-भगिनींनो,

मी या समितीचा सचिव. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसत नाही ते दिसावं, यावर माझं पोट चालतं. तरी जे आज सांगणार आहे ते मला समोर असून सहा महिने दिसलं नाही, आणि दिसल्यावर दीड वर्ष मी ते कुणाला दाखवलं नाही. पण ते ओघात येईल. आधी मुकादमांचा गौरव. त्यांनी मघाशी माझ्या कानात एवढंच सांगितलं, "साहेब, आटोपतं घ्या. दुसऱ्या ग्रीनला अजून पाणी द्यायचंय." निरोप घेणारा माणूस घड्याळाकडे बघतोय आणि निरोप देणारे माइककडे. असो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मैदानाची काय दशा होती? ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नऊ ठिकाणी जमिनीत एकेक वाटीएवढं छिद्र, त्याच्याभोवती गालिच्यासारखं कातरलेलं गवत. त्या गवताला ग्रीन म्हणतात. आपल्याकडे ते तेव्हा पिवळं होतं, पण नाव ग्रीनच होतं. कागदोपत्री रंग बदलत नाही. पहिल्यावर शेळ्या, तिसऱ्यावर गाडी शिकणारे, सातव्यावर कुणीतरी जुना सोफा आणून टाकलेला. नगरपालिकेला विचारलं की उत्तर ठरलेलं: "माणसं नाहीत." माणसं दोन होती. एक मुकादम, आणि दुसरी त्यांची लेक, रोजंदारीवर. पण दोघांना माणसं म्हणत नाहीत, त्याला आस्थापना खर्च म्हणतात.

मग आपण पेटून उठलो. डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात सभा झाली. जागा कमी म्हणून एक सदस्य दात काढायच्या खुर्चीत आडवे होते, त्यांनी सर्व ठरावांना तोंड उघडून पाठिंबा दिला. ठरलं, दर रविवारी श्रमदान. पहिल्या रविवारी त्रेचाळीस जण आले. त्रेचाळीस जोड्या कोरे हातमोजे. आधी फोटो झाला, कारण नंतर कपडे मळतात.

आणि आम्ही दुसऱ्या ग्रीनवरचं तण उपटलं. काय उपटलं विचारता! तीन तासांत साफ. अहो, ते तण इतकं शिस्तीत उगवलं होतं, अगदी ओळीत, वीतभर अंतर सोडून! आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणालेसुद्धा, "तणालासुद्धा वळण असतं बघा." मधे मधे जी गडद हिरवी, गुबगुबीत पानं होती ती मात्र आम्ही प्रेमाने राखली.

हसू नका. तुमच्यातलेच चाळीस जण होते.

मुकादम आले. त्यांनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग ग्रीनकडे, मग आमच्याकडे. त्यांच्या लेकीने तोंडाला ओढणी लावली. ऊन लागतंय असं आम्हाला वाटलं. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "काय मुकादम, कसं काय?"

"छान झालं, साहेब," मुकादम म्हणाले. "पण तुमच्यासारख्यांना हे काम किरकोळ आहे. खरं अवघड ग्रीन चौथं. तिथे जाणकार हात लागतात. माझ्याच्याने ते होत नाही. पुढच्या रविवारपासून तुम्ही सगळे चौथ्यावर या."

आमच्या छात्या फुगल्या. पुढची दोन वर्षं ही समिती चौथ्यावर होती. आम्ही तिथे खत घातलं, मग जास्त झालं म्हणून धुतलं, मग वाहून गेलं म्हणून पुन्हा घातलं. एका सदस्याने घरून रांगोळीएवढी बारीक वाळू चाळून आणली. आमच्यात दोन गटसुद्धा पडले, पाणी सकाळचे आणि पाणी संध्याकाळचे. दोघेही एकमेकांना आळशी समजत असल्यामुळे दोघेही दोन्ही वेळा पाणी घालत.

आणि चमत्कार बघा, मैदान हिरवं झालं! वर्तमानपत्रात आलं, 'लोकशक्तीचा विजय'. माझा फोटो होता. हातात विळा होता, उलटा धरलेला, पण छपाईत कळत नव्हतं.

समिती स्थापन झाल्याला सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. माझी कात्री चौथ्यावर राहिली होती, ती आणायला मी सोमवारी पहाटे मैदानावर गेलो. झाडामागून आवाज आला. लेक म्हणत होती, "बाबा, कालची सगळी रोपं उलटी लावलीत ओ. मुळं वर! एवढं पाणी ओतलंय, होडी सोडता येईल."

"काढ आणि नीट लाव," मुकादम म्हणाले. "कुरकुरू नकोस."

"दर सोमवारी तेच. त्यांना सांगत का नाही?"

"वेडी आहेस का? ते चौथ्यावर आहेत, तोवर बाकीची आठ सुखरूप आहेत."

मी झाडाआडून डोकावलो. मग बघितलं, ती पोरगी गुडघ्यावर बसून जुना स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसत होती. दहा पावलं चालायची, खुपसायची, टोक बोटाने चाचपायची आणि बापाला ओरडून सांगायची, "इथे पुरे! इथे अजून दोन बादल्या!" कुठल्या ग्रीनखाली खडक आहे, कुठे मातीचा थर आहे, पाणी कुठे मुरतं आणि कुठे नुसतं दिसतं, हे त्या दोघांखेरीज जगात कुणाला ठाऊक नाही. तेवढ्यात तिने मला पाहिलं.

"काका, काही ऐकलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. चहा घेता?"

चहा घेतला आणि मी गप्प बसलो. दीड वर्ष. तुम्ही विचाराल, का? अहो, फोटो छान आला होता.

बाकीची आठ ग्रीन त्या दोघांनी उभी केली. शेळ्यांच्या मालकिणीला त्यांनीच कापलेलं गवत रोज पोचवायचं कबूल केलं, म्हणून शेळ्या हटल्या. सोफासुद्धा त्यांनीच उचलला. आपल्या अहवालात मात्र तो 'समितीच्या पाठपुराव्याने' उठला आहे. अहवाल मीच लिहिला आहे, त्यामुळे भाषा चांगली आहे.

आता डॉक्टरसाहेबांकडून चिठ्ठी आली आहे. 'वेळ संपली.' साहेब, तुमच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला तुम्ही कधी अर्ध्यावर सोडलं आहे का? मग मलाही पुरतं बोलू द्या.

कारण माझ्या भाषणानंतर या टेबलावर एक कागद सह्यांसाठी येणार आहे. तो मी आज दुपारी पहिल्यांदा पूर्ण वाचला. पहिल्या पानावर लोकसहभागाचं कौतुक. दुसऱ्या पानावर, नागरिकांनी मैदान स्वबळावर सावरल्यामुळे ते देखभालीसाठी समितीकडे सोपवण्यात येत आहे. आणि तिसऱ्या पानावर, जिथवर कौतुक वाचणारा माणूस सहसा पोचत नाही: सबब, मुकादमांचं पद त्यांच्या निवृत्तीबरोबर रद्द, आणि रोजंदारीवरील एक कामगार महिनाअखेर कमी करण्यात यावा.

तो 'एक कामगार' म्हणजे ती लेक. आठ वर्षं झाली तिला या कामावर.

मुकादमांनी याबद्दल मला एक शब्द सांगितलेला नाही. ते बघा, आत्तासुद्धा मानेने 'नको, नको' करताहेत. मुकादम, तुम्ही आम्हाला दोन वर्षं चौथ्यावर बसवलंत, आज मला पाच मिनिटं उभं राहू द्या.

मुख्याधिकारी बाई, हे मैदान आम्ही सावरलेलं नाही. आमच्यापासून ते सावरून ठेवण्यात आलं. ते उद्या आमच्या ताब्यात दिलंत तर उन्हाळा लागायच्या आत नऊच्या नऊ ग्रीन चौथी होतील. मग जमीन ओसाड पडली म्हणून तिथे वाहनतळ होईल, आणि त्याचं उद्घाटन बहुधा आमचीच समिती करेल.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मी आयुष्यभर 'हा चष्मा तुम्हाला शोभतो' असं सांगत आलेला माणूस आहे. सभागृहालाच विचारू. मंडळी, समितीचे त्रेचाळीसपैकी एकेचाळीस सदस्य आज हजर आहेत. भर उन्हाळ्यात, रोज पहाटे चारला उठून, एक, फक्त एक ग्रीन जो सांभाळू शकेल, त्याने हात वर करावा.

थांबतो मी. घाई नाही.

मुख्याध्यापक, तो हात तुम्ही डोकं खाजवायला नेलाय ना? ठीक आहे, खाजवा.

डॉक्टरसाहेब?

बाई, तुम्हाला व्यासपीठावरून दिसतंय का? नाहीतर माझ्याकडे चष्मे आहेत. एक हात वर आहे. मागे, दाराशी, चपला हातात घेऊन उभी आहे ती. समितीत तिचं नाव नाही. तिला बसायला खुर्चीही आपण ठेवलेली नाही.

त्या कागदावर तीन सह्या लागतात. बाईंची, डॉक्टरसाहेबांची आणि सचिव म्हणून माझी. माझी मिळणार नाही. मी दुसरा कागद आणला आहे, एकच पान, म्हणजे तिसऱ्या पानाची भीती नाही. मुकादमांचं पद कायम ठेवावं आणि त्या जागी त्यांच्या लेकीला नेमावं, एवढंच त्यात आहे. त्यावर मी सही केली आहे. खाली बेचाळीस ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. मघाशी ज्यांचे हात वर झाले नाहीत, ते हात तिथे खाली येऊन टेकले तरी चालतील.

आयोजकांनी बोलण्याची संधी दिली, त्यांचे आभार. पुन्हा देतील असं वाटत नाही, म्हणून दोनदा आभार. ध्वनिक्षेपकवाल्यांनी चिठ्ठी मिळूनही आवाज बंद केला नाही, त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव गाळलं गेलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. आणि जे उपटायला नको होतं ते मी आज पुन्हा उपटलं असेल, तर मुकादम, ही माझी शेवटची चूक समजून पोटात घाला.

बाई, कागद तुमच्यासमोर ठेवतो. आणि कुणीतरी कृपा करून त्या मुलीला माझी खुर्ची द्या. मी उभा राहतो.