तिसरं पाणी

अँब्रोझ : सही येत नसेल तर नुसती फुली चालेल, वहिनी. आमच्या बाजूच्या बाकी सगळ्यांच्या झाल्यात.

थॉमसिन : आधी वाचून दाखवा.

अँब्रोझ : परवा दाखवलं होतं की.

थॉमसिन : परवा मला ऐकू आलं नाही. तुमचे ओठ हलताना दिसत होते, तेवढंच.

(ॲमस्टरडॅम, सन सोळाशे दहा, फेब्रुवारीतली दुपार. राजाच्या चर्चला पाठ दाखवून इंग्लंडातून पळून आलेली काही कुटुंबं इथल्या एका जुन्या भटारखान्यात राहतात. थॉमसिनचा नवरा राल्फ वारला, त्याला तीन आठवडे झालेत. ती वाटाणे निवडत बसली आहे; खडा कुठला आणि वाटाणा कुठला, हे हातांनाच ठाऊक. समोर तिचा धाकटा दीर अँब्रोझ. मुलगी सिसली दाराला टेकून उभी.)

अँब्रोझ : ऐका. ‘आम्ही खाली नावं दिलेली माणसं कबूल करतो, की आम्ही आपल्याच हातानं आपला बाप्तिस्मा उरकला, त्यात आमची चूक झाली. त्याचा आम्हाला पश्चात्ताप होतो आहे. डच बांधवांनी आम्हाला आपल्या मंडळीत घ्यावं.’

सिसली : चूक म्हणे! मागच्याच वर्षी आपल्या पाळकांनी सांगितलं ना, तान्हेपणी डोक्यावर घातलेलं पाणी खोटं, तान्ह्याला कसला आलाय विश्वास? मग स्वतःच स्वतःच्या डोक्यावर पाणी घेतलं, नंतर आम्हाला घातलं. आता तेही खोटं?

अँब्रोझ : पाणी खोटं नव्हतं ग. हक्क नव्हता. आपल्यासारखाच विश्वास ठेवणारे डच लोक या शहरात आधीपासून होते. त्यांच्याकडे जायला हवं होतं. घाई झाली, असं पाळक स्वतः म्हणतात. आपली चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते, सिसली.

सिसली : बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला कुणी दिला होता बाप्तिस्मा?

अँब्रोझ : दादासारखीच आहेस. तोंडाला तोंड.

थॉमसिन : भाऊजी, तुमच्या भावाचं काय?

अँब्रोझ : म्हणजे?

थॉमसिन : ते त्याच पाण्यावर गेले. तुम्ही आता दुसरं घ्याल. ते कुठून घेणार?

अँब्रोझ : देव मन बघतो, वहिनी.

थॉमसिन : मनच बघतो, तर आपण शेत विकून इथं कशाला आलो?

(अँब्रोझ कागदाची घडी घालू लागतो.)

सिसली : बोला ना काका! आई, बाबांचा बाप्तिस्मा खराच होता. आम्ही दहाजण तेच म्हणतोय. आणि इथं परदेशात लपून नाही म्हणायचं, लंडनला जाऊन म्हणायचं. माणसाच्या विश्वासावर राजाचा हुकूम चालत नाही, हे त्याच्या दारात सांगायचं.

अँब्रोझ : धक्क्यावरच बेड्या घालतील.

सिसली : घालू देत.

अँब्रोझ : तुरुंग पाहिलायस कधी? दादानं आणि मी एका कांबळ्यात दोन महिने काढलेत. ते कांबळंही ओलं.

सिसली : बाबा त्याचं कधी रडगाणं गायले नाहीत. आई, फुली करू नकोस. केलीस तर तू त्यांना खोटं पाडलंस.

थॉमसिन : बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांच्या कानात पाणी गेलं होतं. हसले होते. हॉलंडात आल्यापासून पहिल्यांदा.

सिसली : आठवतंय मला.

थॉमसिन : मग माझी पाळी आली. पाळकांनी विचारलं, विश्वास आहे का? मी म्हटलं, आहे.

अँब्रोझ : मी होतो ना तिथं. चांगलं खणखणीत म्हणालात.

थॉमसिन : तुमच्या भावाकडे बघून म्हणाले. ते मान हलवत होते. तान्ही होते तेव्हा माझ्यातर्फे आईबापांनी ‘हो’ म्हटलं, त्या दिवशी त्यांनी. पाळकांना हक्क होता की नव्हता, मला समजत नाही. ते ‘हो’ माझं नव्हतं, एवढं समजतं.

सिसली : आई! हे तू आत्ता सांगतेस?

थॉमसिन : कुणी विचारलं नाही.

अँब्रोझ : अहो, मग तर फुली कराच. कागदात दुसरं काय लिहिलंय?

थॉमसिन : डच लोक पाणी घालताना काय विचारतात?

अँब्रोझ : तेच. दुभाष्या असेल जवळ, भिऊ नका.

थॉमसिन : मग नको. आत्ता कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. काल चुलीत बोट भाजलं, ते मला वासावरून कळलं. अशा बाईचं ‘हो’ घेऊन ते काय करणार?

अँब्रोझ : कागद उद्या जाणार, वहिनी. तुमच्यासाठी थांबवता येणार नाही.

थॉमसिन : जाऊ दे. ज्यांना वाटतंय चुकलो, त्यांनी म्हणावं.

सिसली : मग आमच्याबरोबर चल. आम्हाला पुन्हा पाणी घ्यायचं नाही. तुला कुणी काही विचारणार नाही.

थॉमसिन : कुणी विचारणार नाही म्हणून तुरुंगात जायचं होय? तू जा. तुझं ‘हो’ तुझं होतं. ऐकलं मी. आवाज चिरकला होता तुझा.

सिसली : तुला इथं एकटीला टाकून?

थॉमसिन : एकटी कशी? काका आहेत. माझे डोळे अंधुक झालेत, जरा इकडे येऊन बघ, वाटाण्यात खडा राहिलाय का?

सिसली : नाही राहिला.

अँब्रोझ : पण वहिनी, रविवारचं काय? आता आमची सभा खाली, सिसलीच्या दहाजणांची माडीवर. तुम्ही कुठं बसणार?

थॉमसिन : जिन्यात.

अँब्रोझ : तिथं काय ऐकू येणार? वरचंही अर्धवट, खालचंही अर्धवट.

थॉमसिन : तेवढं पुरे सध्या.

सिसली : जहाज मिळेपर्यंत मी बसेन तुझ्याजवळ.

थॉमसिन : बस. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट ठेव तेवढी.