न केलेलं पाप

—नाही नाही, बसा ना वकीलसाहेब, आई तयार होतेय. शपथेवर सांगायला जायचं म्हणजे काळा झगाच हवा म्हणे. कॉफी घ्या. जवाची आहे हां, खरी आमच्या भाऊरायांकडे मिळते. काल भेटलात ना त्याला? गातोय? गातच असणार! अख्ख्या व्हिएन्नाचा लाडका ओटोकार लिंडनर. पाळण्यातलं नाव ओटो पेर्लसे, पण पेर्लसे म्हटलं की लोक वडिलांची चौकशी करतात, आणि नाझी आल्यापासून चौकशी करणारे गणवेशात येतात. मी आपली एर्ना पेर्लसेच राहिले. म्हणजे तेवढी तरी कुठे? दूधवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना मी ‘ओटोकारची बहीण’. शाळेत भूगोल शिकवायचे तर मुली विचारायच्या, बाई, तुमचा भाऊ घरीपण गातो का हो? आता तेही नाही. काढलंच शाळेतनं. बाप ज्यू म्हणून आम्ही अर्धे ज्यू, आणि अर्ध्या ज्यू बाईने भूगोल शिकवला तर डॅन्यूब उलटी वाहायला लागेल बहुतेक! — हळू हसा, शेजारणीला ऐकू जातं.

तर युक्ती काय — तुम्हीच काढलीत, माहितेय मला — आईने शपथेवर सांगायचं, ओटो आमच्या वारलेल्या वडिलांचा नाहीच, म्हणजे तो अर्धा ज्यू ठरत नाही. मग कोणाचा? तर आमच्याकडे भाड्याने राहायचा त्या ख्रिश्चन झेलेंकाचा! ओबो वाजवायचा बिचारा, बायकांकडे मान वर करून बघायचा नाही. मेलाय तेच बरं, नाहीतर हे ऐकून मेला असता. मी म्हटलं, मग मलाही घाला की झेलेंकाच्याच नावावर! माझं फ्रान्त्सशी लग्न अडलंय, अर्ध्या ज्यू बाईशी लग्न करायची त्याला परवानगी मिळत नाही, मला काही जीव नाही का? तर ओटो म्हणतो, “एर्ना, एक पोर बाहेरचं म्हटलं तर विश्वास ठेवतील. दोन म्हटली तर हसतील.” एकच! मग ते कोण, हा प्रश्नच नाही. लहानपणी कोंबडीची तंगडी कोणाला? तर ज्याला गळा आहे त्याला.

आणि आई — ती जन्मात खोटं बोलली नाही हो. म्हणून तिने काय केलं माहितेय? — सांगू नये खरं तर — जिभेला सवय व्हावी म्हणून चर्चमध्ये जाऊन कबुलीच देऊन आली. जाळीपलीकडे पाद्रीबाबांना म्हणाली, माझा पाय घसरला होता. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून जपमाळ ओढायला सांगितली, आणि ही ओढतेय! रोज गुडघे टेकून, रडून. मी म्हटलं, अगं आई, तू तर काही केलंच नाहीस —

काय? मी काय म्हटलं? नाही, म्हणजे... ऐकलं नाहीत असं समजा. कळतं मला, युक्ती तुमची असली तरी वकिलाने हे असं उघड ऐकायचं नसतं. पण राग येतो हो! ओटोचा येतो, आणि तो रेडिओवर गायला लागला की बंद करवत नाही म्हणून माझा मलाच येतो. वडिलांचाच आवाज आहे तो, अगदी हुबेहूब.

आली बघा. ये आई, टोपी सरळ कर. आणि वकीलसाहेबांना एकदा म्हणून दाखव, ओटो कोणाचा... काय? परत बोल. — एर्ना? आई, घाबरलीयस तू, नाव चुकतंय. ओटोचं सांगायचंय, ओटोचं! — चुकत नाहीये? एकच म्हणायचं तर एर्ना झेलेंकाची, असं सांगणार तू? ओटोला सांभाळायला चार मोठी माणसं आहेत, हिला कोण आहे, म्हणतेस? आई... मग ती जपमाळ? माझ्यासाठी ओढत होतीस? पहिल्यापासून?

वकीलसाहेब, कप ठेवा तो. खाली उभी आहे ती गाडी ओटोचीच ना? घेऊन जा. आम्ही दोघी ट्रामने जाऊ. — ओटोला काय सांगायचं? मला नका विचारू. जा म्हटलं ना!