हवेचं दार

हॅलो? … हं, आई, बोल. … आवाज असाच येणार गं, मी उलटा आहे. … ट्रकमध्ये. पाय सीटच्या पाठीवर, डोकं ब्रेकपाशी. … नाही, अपघात नाही. दार बदलतोय.

उतरायचं दार नव्हे! … हो, हो… अगं ऐक ना. डॅशबोर्डच्या आत एक दार असतं. हवेचं. प्लास्टिकचं, तळहाताएवढं. हीटरची गरम हवा कुणावर सोडायची ते ठरवतं. … हो, घरात ते काम तुझ्याकडे होतं.

बाबा? छे, ते कशाला सांगतायत! काल मी जरा ट्रक फिरवला, पाय गोठले, म्हणून उघडलं. उद्या ते फेरीला निघतायत ना. … एकटेच. मग कुणाबरोबर?

हो, माहितीये. … दोन महिने झाले तुला मावशीकडे जाऊन, माहितीये. … ब्लँकेटचंही माहितीये, आई. त्या शेवटच्या फेरीत गाडीत एकच होतं, ते बाबा स्वतःच्या गुडघ्यांवर घेऊन बसले. तीन दिवस. तुला थंडी वाजते का, एवढंही विचारलं नाही. तोंडातून ब्र नाही. मावशीच्या शेजारणीलासुद्धा पाठ झालंय.

थांब, स्क्रू पडला… शर्टात गेला. गार आहे. … हं. तुझा जांभळा टूथब्रश हरवला होता ना त्या फेरीत? … सापडला. … दारात. म्हणजे ह्या दारात. … पडला नाही, आई. ठोकून बसवलाय. वर तार. बाबा गुंडाळतात तशी, तीन वेढे आणि एक पीळ.

अगं, दाराची दांडी तुटलीय. मोकळं सोडलं तर दोघांनाही कोमट. त्यांनी ब्रश घालून आपली बाजू बंदच करून टाकली. सगळी गरम हवा तुझ्याकडे.

… उकडायचं ना? बरोबर. म्हणून तू खिडकी उघडायचीस. खिडकीतला वारा बाबांवर. म्हणून ब्लँकेट. … हो, त्यांचे पायमोज्यांचे दोन जोडही म्हणूनच.

अगं, खरंच! मी मघापासून हा ब्रश धरून नुसता पडलोय. माणसाने ब्र काढला नाही, अख्खा ब्रश खर्ची घातला. … हसतेयस की काय चाललंय तिकडे?

नवं दार? आणलंय. बसवलं की दोघांना सारखं. … त्यांना सांगू का, तुला कळलंय म्हणून? … नको? बरं. शप्पथ, नाही सांगत.

शू! आले… हो बाबा, झालंच. आईचा फोन आहे. … काय? … आई, बाबा विचारतायत, मावशीकडे थंडी आहे का. … अगं, हवामान खात्यासाठी विचारत नसतील ना! उत्तर दे. … बरं. … बरं, सांगतो. … ठेवतेस? … ठेवला.

बाबा, थंडी खूप आहे म्हणाली. उद्या सकाळी सहाला तिला घ्यायचंय, फेरीला. ब्लँकेट मोठं आणतेय. आणि टूथब्रश दोन… मला काय माहीत, दोन कशाला! मी ब्र काढलेला नाही.