बालसाहित्य, आठ प्लस

...आणि झोप उडाली म्हणजे काय, सलग तीन रात्री उडाली हो! तुम्हाला वाटेल मुलीला ताप असेल, नवऱ्याची नोकरी गेली असेल, गेला बाजार नळ तरी गळत असेल. छे! दहा पुस्तकं. मुलांसाठी नवी, चांगली, आपल्याकडच्याच लेखकांची दहा पुस्तकं सुचवायची, शनिवारच्या पालकसभेत, उभं राहून, चाळीस आईबापांसमोर. आणि कुणी? तर मी! जिची स्वतःची नऊ वर्षांची मुलगी गेले सहा महिने पुस्तकाला हात लावत नाही. हे कुणाला माहीत नाहीये बरं का, तुम्हाला म्हणून सांगते. मला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि तिच्या टेबलावरच्या धुळीला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, मग हो म्हणालीसच कशाला? अहो, मी कुठे हो म्हणाले! झालं काय, वर्गाच्या ग्रुपवर बाईंनी सूचना टाकली, 'शनिवारी प्रत्येक पालकाने आपल्या पालीसह उपस्थित राहावे.' आता पालीसह! गप्प बसवलं असतं का तुम्हाला? मी आपलं अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, पाल्यासह म्हणायचंय का? कारण आमच्याकडे पाल आहे, पण ती ट्यूबलाइटमागून बाहेर येत नाही." झालं! सहा जण हसले, आणि तासाभराने बाईंचा फोन. "अय्या, किती बारीक लक्ष तुमचं! तुम्ही काय बाई, वाचणाऱ्या! मग असं करू या ना..." आता 'असं करू या' याचा अर्थ 'तुम्ही करा' हे मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कळायला नको? पण नाही! बाई सांगतायत, "राजा-राणी नको हं, आजची पुस्तकं हवीत, आजच्या मुलांची, थोडी मोठ्या मुलांचीही असू देत, आणि तुमच्या भिंगरीला आवडलेली असली तर फारच छान!" आणि मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर आतून 'हो, हो' असे दोन हो बाहेर पडले. एकावर एक फुकट.

भिंगरी म्हणजे आमचं कन्यारत्न. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. तिला कोणतं पुस्तक आवडलं म्हणून सांगू? आणि माझं म्हणाल, तर मुलांसाठीचं शेवटचं पुस्तक मी वाचलं ते मी स्वतः मूल असताना. त्यानंतर काय वाचलं? गेली नऊ वर्षं औषधाच्या बाटल्यांमागचा बारीक मजकूर वाचते आहे. त्यात मात्र माझा हात कुणी धरणार नाही!

बुधवारी अर्धा दिवस रजा टाकली. कारण काय लिहिलं? 'घरगुती.' आणि गेले वाचनालयात. तिथल्या ग्रंथपालबाई, घ्या, इथेही पालच, चष्मा कपाळावर चढवून म्हणतात कशा, "तुम्हाला मी काय सुचवणार? तुम्ही काय बाई, वाचणाऱ्या!" अहो, यांना कुणी सांगितलं? तर त्यांची भाची आमच्याच ग्रुपवर! पण बाई गुणाच्या हो. चढल्या शिडीवर आणि एकेक पुस्तक खाली माझ्या हातात. "हे घ्या, हे मागच्याच महिन्यात आलं. हे आठच्या पुढे. हे बारा-तेराच्या पुढे. चित्रं बघा कशी आहेत! आणि मुलाला देताना प्रस्तावना करत बसू नका, नुसतं द्या." सतरा पुस्तकं. दोन पिशव्या. एक खांदा दुखरा.

आणि तुम्हाला सांगते, वाचायला बसले आणि उठलेच नाही! कुकर तीन शिट्ट्यांवर बंद करायचा तो सातव्या शिट्टीवर केला. कसली लिहितात हो हल्ली मुलांसाठी! आमच्या वेळी पुस्तकातली आई पहिल्या पानावर हाक मारायची आणि शेवटच्या पानावर जवळ घ्यायची, मधे कुठे जायची देव जाणे. आता? एक मुलगा बोलताना अडखळतो, आणि शाळेत सूचना सांगायचा भोंगा त्याच्याच हातात देतात. मी त्याच्याबरोबर श्वास धरून बसले! एका आजोबांना काही आठवेनासं झालंय, तर नात घरभर चिठ्ठ्या चिकटवते, 'हे दार', 'हा चमचा', आणि शेवटी एक स्वतःच्या कपाळावर, 'मी तुमची नात.' आता रडायचं नाही तर काय करायचं? रडले. पदरच नव्हता, कुर्त्याच्या बाहीला पुसलं.

आणि डोळे पुसल्या पुसल्या हातात पेन्सिल घेतली आणि त्या आजोबांवर काट मारली. का? अहो, घरात सासूबाई आहेत! त्या चष्मा विसरल्या की भिंगरी चिठ्ठी चिकटवायची त्यांच्या कपाळावर! मग दुसरं. मुलगी रुसून घरातून निघून जाते. नको बाबा, नसती कल्पना कशाला द्या? तिसऱ्यात कुत्रं मरतं. आमच्याकडे कुत्रं नाही, पण 'नाही' म्हणून तिला वाईट वाटतंय, त्यात ते मेलेलं! चौथ्यात वयात येणारी मुलगी आणि तिचे प्रश्न, इतकं सरळ लिहिलंय की मलाच दोन नव्या गोष्टी कळल्या. काट! ते आपण सांगू, योग्य वेळी. योग्य वेळ म्हणजे केव्हा? माझ्या आईलाही अजून सापडलेली नाही. पाचव्यात आईबाबा वेगळे होतात आणि मुलीच्या आठवड्याची वाटणी होते, चार दिवस आईचं घर, तीन दिवस बाबांचं. काय सुरेख लिहिलंय! पण नेमकं त्याच सकाळी आमचं गादीवरच्या ओल्या टॉवेलवरून वाजलेलं. पिशवीत! सगळ्यात खाली!

असं करत करत सतरातली पंधरा 'नको'च्या पिशवीत गेली आणि दोन उरली. एक गोगलगायीबद्दल, दुसरं वाटाण्याबद्दल. गोगलगायीचं तर इतकं निर्धोक, इतकं निर्धोक, की चौथ्या पानावर मला झोप लागली. तीन दिवसांतली तेवढीच!

आता दोन पुस्तकांवर पालकसभा होते का? आज शुक्रवार. उद्या सभा. शेवटी नवऱ्याला मेसेज टाकला. 'येताना बालसाहित्य आण. ८+. साधंसं. तीन-चार चालतील.' यात काही चुकलं का? सांगा ना, काय चुकलं? चुकलं हे की मी नवऱ्याचा धंदा विसरले. तो इमारतींच्या साइटवर देखरेखीला. दिवसभर काय ऐकतो बिचारा? बांधकाम साहित्य आलं का, विद्युत साहित्य उतरवा, नळजोडणी साहित्य मोजून घ्या!

संध्याकाळी दारात उभा. दोन्ही हातांत डायपरची चार पुडकी, पावडर, दुधाची बाटली आणि एक खुळखुळा. घामाघूम. "आठ किलोच्या वरचेच आणलेत," म्हणाला, "पण सरळ आठ किलोचं होणार का गं? नाही म्हणजे, आपली भिंगरी तर तीनचीच होती..."

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून सासूबाई. त्यांनी डायपर पाहिले, मला पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. तिथे माझी चूक आहे, पोट थोडं आहे. "अगं, मला सांगायचंस तरी! मी काय परकी? तरीच म्हटलं, ही तीन रात्री झोपत का नाही, वाचता वाचता रडते काय... भिंगरे, ए भिंगरे, ऐकलंस का? तू ताई होणार!"

"आई, अहो, नाही! ते पुस्तकांचं..."

"पुस्तकंबिस्तकं आता पुरे. डोळ्यांवर ताण नको."

आणि नवरा? त्याला अर्थ सांगितला, तर खुळखुळा हातात घेऊन मलाच म्हणतो, "मग 'पुस्तकं' असं लिहायचं ना सरळ! साहित्य कसलं? तू काय बाई, वाचणारी!"

या गोंधळात माझ्या लक्षात आलं, भिंगरी कुठाय? 'ताई होणार' ऐकलं आणि पोरगी गायब! आधीच सहा महिने मिटून मिटून असते, माझ्यापाशी येऊन बसत नाही, त्यात हे! बाथरूम पाहिलं, गॅलरी पाहिली, पलंगाखाली पाहिलं, शेजारच्या काकूंकडे पाहिलं. शेवटी आमच्या खोलीत कपाटाच्या उघड्या दाराआड, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर बसलेली. आणि हातात... तुम्हाला खोटं वाटेल... पुस्तक! 'नको'ची पिशवी उपडी पडलेली, आणि भिंगरी, जी एका जागी बसत नाही ती भिंगरी, एका जागी बसून वाचत होती! पाऊण पुस्तक संपलेलं! मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं हो. जिंकले! उद्या ताठ मानेने उभी राहीन!

मग मुखपृष्ठ दिसलं. दोन घरं. मधे रस्ता. रस्त्यावर दप्तर घेतलेली मुलगी.

झालं. आता आईच्या जातीने गप्प बसायला हवं होतं का? हवं होतं. ग्रंथपालबाई असत्या तर बसल्या असत्या. मी ढिगाशेजारी बसले.

"कितवं पान गं?"

तिने पुस्तक आणखी नाकाजवळ नेलं.

"अवघड वाटत असेल तर सोडून दे हं... आणि हे बघ, बाळबिळ काही येणार नाहीये, तो बाबांचा घोळ आहे... आणि ते टॉवेलचं भांडण म्हणजे भांडण नव्हतं, ती चर्चा होती... आपलं घर एकच आहे, एकच राहणार... तुला रडू येतंय का? नाही? मग येत का नाहीये?"

तिने पान उलटलं.

"बोल ना पिल्लू. नुसतं एवढंच सांग. काय वाटतं तुला त्या मुलीबद्दल?"

भिंगरीने पानात बोट घातलं. पुस्तक मिटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा इतका वेळ सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि मोठा सुस्कारा टाकून म्हणाली,

"नशीबवान आहे गं. तिला आई आठवड्यातून चारच दिवस असते."