कुसुमच्या दातांचा नवस

अगं, आमची कुसुम लहान असताना तिचं चावणं सुटावं म्हणून मी देवीला केळ्यांचा अख्खा घड बोलले होते! बालवाडीत कुणी खेळणं घेतलं की ही कडकडून चावायची. शेवटी बाई म्हणाल्या, "वहिनी, पुन्हा चावली तर घरीच ठेवा. तिच्या हातांना काही काम तरी द्या!"

मी सांडोर गावच्या केळीच्या वाडीतला घड उतरवूनच आणला. म्हटलं, देवी, तू आधी घे, गुण मागून दे! आणि बालवाडीत प्रसाद वाटायला कुसुमलाच उभं केलं. आदल्याच दिवशी ही ज्याला चावली होती, त्या बंडूनं हात पाठीमागे लपवला. माझा जीव टांगणीला! कुसुमनं केळं सोललं, त्याच्या तोंडाशी धरलं नि म्हणाली, "घे, आज तू चाव!"

तुझा श्रीधर ओरबाडतो ना? मग नवस बोल बाई, पण प्रसाद त्याच्याच हातानं वाटू दे.