बाबांचं भजन अन् मायची चाय

जुनी कॅसेट मोबाईलमध्ये उतरवणं म्हणजे डोक्याले ताप हाये, गड्या! बाबा गेले, त्याईच्या भजनाची एकच कॅसेट उरली. टेपजवळ मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. अर्ध्या भजनात मायचा आवाज आला, "चाय मांडू काय?"

मी टेप बंद करून सैपाकघराकडं वरडलो, "माय, चूप बस नं!"

"मी कुठी बोलली रे?"

पुन्हा पहिल्यापासून लावलं, पुन्हा तेच! तिसऱ्या खेपेले मायलेच केळझरच्या गणपतीले धाडून देल्लं. तरी आवाज आलाच! यावेळी टेप चालूच ठेवला. लगेच टेपमधून बाबा खेकसले, "अवं, चूप बस नं! रेकॉर्डिंग चालू हाये!"

संध्याकाळी मायले चाय मांडाले सांगून हे ऐकवलं. म्हणे, "बापलेक सारखेच! चूपबी बस म्हणता, अन् चायबी पायजे!"