आनसाक्काची हाक

मंडळी, ऐका! मला एक कोडं पडलंय. गुरू एक, शिकवण एक, शिकणारे चाळीस — मग प्रत्येकाच्या पदरात वेगळंच का पडतं? स्वभावाला औषध नाही म्हणतात. खरंच नाही?

कृष्णाकाठचं एक गाव. नदीच्या पुरातनं बुडणारी माणसं कशी काढायची, याचं सात दिवसांचं शिबिर भरलं. त्यात आली आनसाक्का! दोन वर्षांमागं तिचा दीर तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. जवळच माणसं होती हो! पण हिच्या तोंडातनं हाकच फुटली नाही. तेवढी हाक शिकायला ती आली होती.

शिबिराचा रिवाज असा — संध्याकाळी गोल करून बसायचं आणि आज आपलं काय चुकलं ते सांगायचं. पहिले उठायचे हिंदुराव! बोलले नाहीत तर अन्न पचायचं नाही त्यांना. अर्धा तास सांगायचे — चुका दुसऱ्यांच्या! वर टाळ्या! आनसाक्काची पाळी आली की ती पदर पिळत बसायची. "माझं... काय न्हाई."

शिबिर घेणाऱ्या मास्तरांना वाटलं, हिंदुराव तयार झाले, ही बाई मात्र कोरडीच राहिली. मास्तरही टाळ्याच मोजत होते, काय करणार!

सातवा दिवस. नाव धारेत, नावेत सहाजण, दोर काठावरच्या बाभळीला. गाठ मारली कुणी? हिंदुरावांनी — बोलता बोलता! आणि आता काठावरनं नावेतल्यांना उपदेश चालू. आनसाक्का बघत होती. सात दिवस ती बघतच तर होती! गाठ सुटायला लागली... तिनं धावत जाऊन दोर धरला. तळवे सोलून निघाले. एकटीला आवरेना. दीर आठवला — आणि फुटली हाक!

"हिंदुराव! गप बसा! दोर धरा!"

सगळे धावले. नाव काठाला लागली. माणसं वाचली!

संध्याकाळी आनसाक्का आपणहून उठली. "मी उशिरा वरडले. गाठ सैल हाय, हे मला आधीच दिसलं हुतं."

मग हिंदुराव उठले. तोंड उघडलं... मिटलं. "गाठ माझी हुती," म्हणाले आणि खाली बसले. बस्स! आज टाळ्या नाहीत.

औषध आहे, मंडळी! पण बोलक्याला ते कानानं घ्यावं लागतं, अबोल माणसाला तोंडानं. आता सांगा, तुमच्यात हिंदुराव कोण? हात वर करू नका — पहिला हात ज्याचा, तोच! आणि त्या खांबाआड बसलेल्या बाई... हो, तुम्हीच! चार वर्षं कीर्तनाला येता, पण तुमचा आवाज मला ठाऊक नाही. आजचा गजर तुम्ही उचला. आम्ही थांबलोय.